कोरी चकती

१

"कॉलेजात तुम्ही नेमकं करता काय?" असं कुणी विचारलं की अंबूताई म्हणायच्या, "कागदाला भोकं पाडते." आणि ते काही खोटं नव्हतं हो. धारवाडच्या त्या कॉलेजात जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि त्यातली निम्मी तरी गाळणकागदावर पंचिंग मशीन दाबण्यात. विकतच्या चकत्या बंगळूरहून यायच्या, त्या वेळेवर येतील तर शपथ. म्हणून अंबूताई प्रयोगशाळेतच चकत्या पाडत. टिकलीएवढे गोल कागद. ते वाफेत उकडायचे, एकेका औषधात भिजवायचे, वाळवून बाटलीत भरायचे.

काम साधं होतं. काचेच्या झाकणाच्या बशीत जेली ओतायची, तिच्यावर जंतू सारवायचे. वर कडेने पाच औषधांच्या पाच चकत्या ठेवायच्या, आणि मधोमध सहावी कोरी, नुसत्या पाण्यात भिजवलेली. मग प्लेट उबेच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी दुधावर धरते तशी जंतूंची साय धरलेली असायची, आणि जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती साय नसायची, स्वच्छ गोल वर्तुळ दिसायचं. वर्तुळ मोठं म्हणजे औषध जोरकस. वर्तुळच नाही, साय थेट चकतीला भिडलेली, म्हणजे जंतू निर्ढावलेला; त्या औषधाला तो भीक घालत नाही. मधल्या कोऱ्या चकतीभोवती कधीच काही उमटत नसे. ती बिचारी नुसती साक्षीला.

२००३ साली गुरुप्रसाद सरांनी नवं संशोधन घेतलं. कोंबड्यांना, मासळीला हल्ली औषधं चारतात, त्यातून जंतू निर्ढावतात. तर हुबळी-धारवाडच्या बाजारातलं मटण, कोंबडी, मासळी यांत असे किती सापडतात ते बघायचं. अंबूताई खूश. जन्मात मासळी चाखली नव्हती, पण शंभर प्लेटा मांडायच्या म्हणजे त्यांचा सणच. चिमट्याने त्या चकती अशी ठेवत की पट्टी लावून बघा, अंतरात केसाचा फरक नाही. बोटाने कधी शिवत नसत. मुलांना सर सांगायचे, "अंबूताईंचा हात बघा आणि शिका." ते वाक्य ऐकलं की त्यांना दिवसभर भूक लागत नसे.

मग या संशोधनासाठी हेमावती आली. अळणावरची पोर, वडील लाकडाच्या वखारीत कारकून. पहाटेच्या बसने हुबळीच्या मासळीबाजारात जायची, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन परत यायची. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायची, आणि हसायची सारखी. अंबूताईंनी तिला हाताला धरून शिकवलं. तीन महिन्यांत सर तिची प्लेट उजेडात धरून म्हणाले, "अंबूताई, हेमावतीचा हात बघितलात? हुबेहूब तुमचा. थोडा सरसच."

थोडा सरसच! अंबूताई तोंडदेखलं हसल्या आणि नळाखाली हात धुवायला गेल्या. हात स्वच्छच होते.

२

हेवा हेवा म्हणतात तो काय असतो, ते अंबूताईंना सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, जावांची घरं भरली, तेव्हासुद्धा त्यांना कुणाचा हेवा वाटला नव्हता. आता मात्र पोटात आग पडली. खिडकीजवळची खुर्ची हेमावतीला मिळाली. जंतूंच्या कपाटाची किल्ली, जी बावीस वर्षं अंबूताईंच्या कमरेला होती, ती सरांनी मागून घेतली. "तिला सारखी लागते, तुम्हाला त्रास कशाला?" म्हणे. किल्ली गेली त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी भाताचं पातेलं इतक्या जोरात ठेवलं की सप्तापूरच्या त्या भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांत शेजारीण विचारायला आली.

सतरा नंबरचा नमुना आला तो सोमवार. हुबळीच्या बाजारातला शिंगाळा मासा, कारवारकडून आलेला. दुपारी अंबूताई त्याची प्लेट मांडत होत्या. पाच चकत्या झाल्या होत्या. शेजारच्या खोलीत सर फोनवर कुणाशी तरी बोलत होते, दार उघडंच.

"एक मुलगी मिळालीय, हेमावती. हिऱ्यासारखी... अंबूताई? आहेत की. तयारी वगैरे करून देतात."

तयारी वगैरे. अंबूताईंच्या हातातून चिमटा सटकला आणि फरशीवर पडला. कोरी चकती बाटलीच्या तोंडाशी अडकली होती. ती त्यांनी सरळ बोटांनी उचलली, प्लेटच्या मधोमध टाकली आणि अंगठ्याने दाबली, चांगली घट्ट. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग दचकून इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उबेचं कपाट उघडलं. ते एका जुन्या अंधाऱ्या खोलीत होतं. पूर्वी तिथे फोटो धुवायचे. कपाटाची घूं घूं सोडली तर तिथे काही ऐकू यायचं नाही. सतरा नंबर त्यांनी दिव्यासमोर धरला, आणि पहिल्यांदा वाटलं चष्म्यावर वाफ आलीय. पाचही औषधांच्या चकत्यांना साय भिडलेली होती. एकाही औषधाला वर्तुळ नाही. आणि मधोमध, कोऱ्या चकतीभोवती, लख्ख गोल. पट्टी लावली. सव्वीस मिलिमीटर.

"अगं बाई," अंबूताई म्हणाल्या.

त्यांनी प्लेट तिरपी करून पाहिली. वर्तुळाच्या कडेला साय जाड झाली होती, वर चढली होती. रस्त्यात कुणी पडलं की माणसं कशी मागे सरून कडं करून उभी राहतात, तशी. आणि उगीचच त्यांना वाटलं की ती सगळी आपल्याकडे बघताहेत. वेडेपणा नुसता. जंतूंना कुठले डोळे? त्यांनी झाकण लावलं.

"अक्का, सतरा नंबर आला का?" बाहेरून हेमावतीचा आवाज.

आता खरं काय ते लिहायचं म्हणजे दोन गोष्टी होणार. पाचही औषधांना न जुमानणारा जंतू, संशोधनातला पहिलाच, म्हणजे हेमावतीचं नाव गाजणार. आणि मधलं वर्तुळ पाहून सर विचारणार, या चकतीला कुणाचा हात लागला? अंबूताईंनी प्लेट धुवायच्या टोपलीत तळाशी सरकवली, बाहेर येऊन वही उघडली आणि सतरापुढे पाच आकडे लिहिले. बावीस, एकोणीस, चोवीस, वीस, एकवीस.

"साधा आहे. पाचही औषधं चालतात," त्या म्हणाल्या.

हेमावतीने वहीकडे पाहिलं. मग टोपली उचलून मोरीत नेऊन ठेवली, थोडा वेळ तिथेच रेंगाळली. परत येऊन म्हणाली, "हौदु अक्का, हो," आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

३

पण अंबूताईंना चैन कुठली? सतराचे जंतू एका नळीत त्यांनी राखून ठेवले होते. दुपारी सगळे जेवायला गेले की त्या गुपचूप प्लेट मांडत. नुसत्या कोऱ्या चकत्या. एक चिमट्याने ठेवलेली, एक अंगठ्याने दाबलेली.

बुद्धी शाबूत होती हो बाईंची. आधी वाटलं, साबण. म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवलेली चकती ठेवली. काही नाही. मग वाटलं, सकाळच्या फोडणीची हळद असेल हाताला, नाहीतर हिंग. हळद लावून बघितली, हिंग लावून बघितला. साय थेट भिडली. आणि नुसता अंगठा लावलेल्या चकतीभोवती कधी वर्तुळ यायचं, कधी यायचं नाही. बुधवारी अठ्ठावीस. गुरुवारी चौदा. शुक्रवारी शून्य.

शुक्रवारी काय होतं? हेमावती अळणावरला गेली होती. बुधवारी सरांनी तिला म्हैसूरच्या परिषदेला पाठवायचं ठरवलं होतं.

अंबूताई स्टुलावर बसून राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या. पोटातली आग काय पट्टीने मोजता येते? असलं काही लिहायला वहीत रकाना तरी आहे का? तरी पुढच्या आठवड्यात त्या मुद्दाम लक्ष ठेवून राहिल्या. हेमावतीने केलगेरीहून त्यांच्यासाठी पेरू आणले, स्वतः मीठ-तिखट लावून दिले, त्या दिवशी वर्तुळ जेमतेम सहा. सरांनी तिचा तक्ता भिंतीवर लावला आणि त्या जागी अंबूताईंनी दहा वर्षांपूर्वी काढलेला तक्ता उतरवून कपाटामागे ठेवला, त्या दिवशी एकतीस.

आणखी एक होतं, ते त्यांना कबूल करायचं नव्हतं. वर्तुळाच्या कडेची ती जाड साय. दर प्लेटमध्ये ती थोडी आत वाकलेली दिसायची. चिमट्याने ठेवलेल्या चकतीकडे वळूनही न बघता सगळी गर्दी अंगठ्याच्या चकतीभोवती थांबलेली असायची. भ्यायलेलं माणूस पळून जातं. ही पळत नव्हती. अंतर राखून उभी होती, वाट बघत असल्यासारखी.

एका दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत प्लेटवर वाकलेल्या असताना घूं घूं एकदम थांबली. वीज गेली असेल, दुसरं काय! पण त्या शांततेत झाकणाखालून बारीक आवाज आला, ओल्या कागदावर बोट फिरवावं तसा. अंबूताईंनी सगळ्या प्लेटा गोळा करून उकडायला टाकल्या, नळीसुद्धा. आता पुरे, त्यांनी मनाशी म्हटलं. साकु.

मूळ सतरा नंबर मात्र जंतूंच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली हेमावतीकडे.

४

पावसाळ्याच्या तोंडावर मुलांची प्रात्यक्षिकं लागली. हेमावती सकाळी बाजारातून आली ती डावा तळवा चोखतच.

"शिंगाळ्याचा काटा लागला, अक्का. अय्यो, केवढा टोचतो!"

"चोखतेस काय? धू आधी," अंबूताई म्हणाल्या.

तिने धुतला. मग कपाट उघडून नळ्या चाळत म्हणाली, "मुलांना जंतू सारवायला शिकवायचंय. सतरा नंबर साधा आहे ना? तोच काढते."

अंबूताई चकत्या मोजत होत्या. आदल्याच दिवशी परिषदेचं पत्र आलं होतं, आणि त्यात हेमावतीच्या नावापुढे सरांचं नाव होतं, खाली कुठेही तिसरं नाव नव्हतं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काढ."

एक शब्द. तो परत घ्यायला पूर्ण अर्धा तास होता. चाळीस मुलांसमोर हेमावती हातमोज्यांशिवाय नळी हाताळत होती, साध्या जंतूंना कोण मोजे घालतं? अंबूताई दारात उभ्या राहून बघत होत्या. सांगू, आता सांगू, म्हणता म्हणता तास संपला.

तिसऱ्या दिवशी हेमावती आली नाही. चौथ्या दिवशी सर घाईघाईने आले. "हुबळीला दवाखान्यात ठेवलंय तिला. हात मनगटापर्यंत सुजलाय. डॉक्टर विचारत होते, कुठल्या जंतूंवर काम करत होती. मी वही बघून सांगितलं. सतरा नंबर, पाचही औषधं चालतात. त्यांनी लगेच त्यातलंच सुरू केलंय. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट यायला अजून तीन दिवस, तोवर वाया जायला नकोत."

"बरं झालं," अंबूताई म्हणाल्या. तोंडातून तेवढंच निघालं.

घरी येऊन त्यांनी चूल पेटवली नाही. काळजाला घरं पडत होती. बावीस, एकोणीस, चोवीस. पोरीच्या नसेतून त्यांचे खोटे आकडे चालले होते, थेंब थेंब. आणि मेल्या मनाचा एक कोपरा तेव्हाही म्हणत होता, आता परिषदेला कोण जातंय बघू.

दोन दिवस गेले. सरांचा निरोप आला, सूज कोपराकडे चाललीय. तेव्हा अंबूताई उठल्या, चपला घातल्या आणि सरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, सतराची नोंद चुकली माझी. दुसऱ्याच प्लेटचे आकडे लिहिले. त्याला एकही औषध चालत नाही."

अंबूताई शिवीची वाट बघत होत्या. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"बावीस वर्षांत पहिली चूक," सर हळूच म्हणाले, "आणि स्वतःहून सांगायला आलात. दुसऱ्या कुणी लपवली असती."

५

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, औषधं बदलली, आणि मग सरळ बोलले. "जे देतोय ते अंदाजाने देतोय. ही रेघ बघा." हेमावतीच्या कोपराखाली निळ्या पेनाने आडवी रेघ ओढली होती. रेघेखाली हात लालबुंद, चकचकीत. "लाली रेघेच्या वर चढली तर हात काढायचा. परवा सकाळपर्यंत ठरेल. हात ठेवला तर जीव राहणार नाही."

खाटेशेजारी हेमावतीचे वडील, अप्पाजी, गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते. त्यांनी अंबूताईंना जागा करून दिली. "पोर सारखं तुमचंच नाव घेते, बाई," ते म्हणाले. हेमावती ग्लानीत होती. अप्पाजी पाणी आणायला गेले.

नर्सने दिलेले हातमोजे अंबूताईंच्या मांडीवर होते. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग उजवा अंगठा उघडाच पोरीच्या लाल कातडीवर टेकला आणि दाबला.

दाबलं की कातडी पांढरी होतेच, त्यात काय? त्यांनी अंगठा उचलला, दहा आकडे मोजले. पांढरं तसंच. वीस मोजले. गोल पसरत होता, डोळ्यांना कळेल न कळेल असा, रुपयाएवढा झाला, आणि त्याच्या कडेला लाली जाड होऊन थांबली. अंबूताईंना ती कड ओळखीची होती. तरी त्यांनी अंगठा पुन्हा टेकला, थोडा पुढे.

आणि त्या आठवू लागल्या. खुर्ची आठवली. किल्ली आठवली. थोडा सरसच. तयारी वगैरे. कपाटामागे टाकलेला तक्ता. पोरीला पाण्यात पाहायचं होतं, जीव ओतून पाहायचं होतं, तरच ही लाली मागे हटणार होती. दात खाऊन त्या एकेक सल उकरून काढत होत्या आणि अंगठा इंच इंच सरकवत होत्या. संध्याकाळी डॉक्टर आले, वाकून बघत राहिले. लाली रेघेपासून चार बोटं खाली उतरली होती.

"औषध लागू पडतंय म्हणायचं," डॉक्टर म्हणाले.

अप्पाजी मात्र अंबूताईंच्या पायाशी वाकले. त्यांनी दारातून बघितलं होतं. "औषध कसलं! तुमच्या हाताला गुण आहे, बाई. आमच्या पोरीला तुम्ही ओढून आणलंत."

"असं करू नका हो, उठा," अंबूताई कळवळून म्हणाल्या. आणि छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. ते त्यांना आवडलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमावती शुद्धीवर होती. ताप उतरला होता, ओठ सुकलेले. अंबूताई अंगठा टेकून बसल्या होत्या आणि मनातल्या मनात तक्त्याच्या गोष्टीपाशी घुटमळत होत्या. ती गोष्ट कालपासून इतक्यांदा उगाळली होती की तिचा वास उडाला होता.

"अक्का," हेमावती म्हणाली, "एक सांगू? रागावायचं नाही."

"बोल."

"सतराची प्लेट मी बघितली होती. त्या दिवशी, मोरीत टोपली नेली तेव्हा. पाचही चकत्यांना साय भिडली होती."

"मग बोलली का नाहीस, गं?"

"वहीत तुमचे आकडे होते ना." ती हसली, पहिल्यासारखीच. "मला वाटलं, मलाच प्लेटा बघता येत नाहीत अजून. अक्कांचा आकडा कसा चुकेल? म्हणून तर मुद्दाम तोच नंबर मुलांना काढला, परत नीट बघून शिकावं म्हणून. मला येतं ते सगळं तुमचं बघून बघून चोरलेलं आहे, अक्का. सर उगीच माझं कौतुक करतात."

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिने अंबूताईंच्या अक्षरावर विश्वास ठेवला होता. आणि त्या अक्षरापायी हात सडवून घेतला होता.

अंबूताई ढसाढसा रडल्या. दवाखान्यात, सगळ्यांदेखत. पोरीच्या कपाळावरून हात फिरवला, केस मागे सारले, "माझी बाय, माझं सोनं" असं काहीबाही बोलल्या. त्यांना मूल नव्हतं. मूल असतं तर असंच वाटलं असतं बहुधा. बावीस वर्षांत नव्हतं वाटलं इतकं हलकं वाटत होतं. आग विझली होती, राखसुद्धा उरली नव्हती.

डोळे पुसून त्यांनी खाली पाहिलं. अंगठा जिथे होता तिथे पांढरा गोल नव्हता. कालचे सगळे गोल मिटले होते. लाली रेघेपासून बोटभर अंतरावर येऊन थांबली होती, आणि तिची कड जाड दिसत होती.

७

"सर, एक काम करा माझं."

सर व्हरांड्यात उभे होते. खाली हुबळीच्या रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते. अंबूताईंनी त्यांचा हातच धरला.

"हेमावतीची स्तुती करा. माझ्यासमोर करा. ती माझ्यापेक्षा सरस आहे म्हणा. माझी गरज नाही आता म्हणा. नोकरीवरून काढतो म्हणा."

"अंबूताई, बसा आधी. तीन दिवस जेवला नाहीत तुम्ही."

"म्हणा ना! तयारी वगैरे करून देते म्हणा!"

सरांचा चेहरा पडला. म्हणाले, "ऐकलं होतंत ते तुम्ही? चुकलो मी, अंबूताई. लाज वाटते मला. हेमावती गुणी आहे, पण तुमच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. अप्पाजी कालपासून ज्याला त्याला तेच सांगताहेत. परिषदेला पहिलं नाव तुमचं घालतोय, म्हैसूरला कळवलंही. तो तुमचा तक्ता..."

"नको, नको," अंबूताई म्हणाल्या, "सर, नको हो," आणि कानांवर हात ठेवून आत पळाल्या.

खोलीत उन्हाची तिरीप आली होती. अप्पाजी पायथ्याशी डोळे मिटून जप करत होते. हेमावती जागीच होती. तिने अंबूताईंना बघून चांगला हात पुढे केला. अंबूताई खाटेच्या कडेला बसल्या आणि अंगठा निळ्या रेघेवर टेकला.

त्यांनी खुर्ची आठवली. खिडकीजवळची खुर्ची, दुपारचं ऊन तिच्यावर येतं. बरंच झालं, पोरीला उजेड लागतोच. त्यांनी किल्ली आठवली. किल्लीने कमरेला वळ पडायचा. त्यांनी डोळे घट्ट मिटले, दात आवळले, देवाला म्हणाल्या, मला हिचा हेवा वाटू दे, घटकाभर वाटू दे, हवं तर उरलेलं आयुष्य घे. आणि डोळ्यांसमोर आले ते मीठ-तिखट लावलेले पेरू.

डोळे उघडले तेव्हा लाली रेघेला लागलेली होती. हलताना ती दिसत नव्हती. दाराशी काही वाजलं म्हणून त्यांनी मान वळवली, परत पाहिलं, तर रेघ आत गेली होती आणि लाल कड अंगठ्यापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर उभी होती. तिथे ती क्षणभर थांबली. आणि मग जी इतके दिवस मागे सरून उभी होती, त्या गर्दीतून काहीतरी एकटंच पुढे आलं, दोऱ्यासारखं बारीक, कातडीखालून, जराही न घाबरता. ते अंगठ्याच्या कडेला येऊन भिडलं.

"काढू नका हात, बाई," अप्पाजी डोळे न उघडता म्हणाले. "गुण येतोय."

"हौदु, अक्का," हेमावती म्हणाली. "मघाशी दुखत होतं. आता काहीच कळत नाही."

अंबूताईंनी हात काढला नाही. पोरीने त्यांची बोटं धरली होती, ती सोडवून घ्यावीत असं त्यांना वाटेना. थोड्या वेळाने त्यांच्या अंगठ्याला, नखाच्या कडेला, आधी खाज सुटली आणि मग ऊब आली.